डावीकडे जरा कमी

हेडफोन घ्यायचा तर माणूस तो आधी आपल्या कानाला लावून बघतो, ही जगाची रीत. पाटोद्यात माझ्या दुकानात तो आधी मामांच्या कानाला लागायचा. मामांनी मान डोलावली की गिऱ्हाईक खिशात हात घालायचं. मामांनी खालचा ओठ पुढे काढला की मी हेडफोन परत खोक्यात घालायचो. गिऱ्हाइकाचे स्वतःचे दोन कान तिथेच, दोन बाजूंना, चांगले धडधाकट असायचे. पण त्यांना कुणी विचारत नसे.

मामा म्हणजे माझे गाळेमालक. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो. मी आष्टीकडचा, पाटोद्यात नवखा. मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि स्वस्तातले हेडफोन विकायचं दुकान टाकावं म्हणून बाजारपेठेत गाळा शोधत आलो होतो. मामांनी करार-बिरार काही केला नाही. एकच अट घातली, "माझ्या गाळ्यात खोटा आवाज इकायचा न्हाई." मला वाटलं, म्हातारा गिऱ्हाइकाशी खरं बोल म्हणतोय. मी मोठ्या तोंडाने हो म्हणालो. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि मामा घरून लाकडी स्टूल घेऊन आले. भिंतीला पाठ टेकवून बसले आणि म्हणाले, "हां, काढ एकेक."

ते स्टूल मग तिथेच राहिलं.

परीक्षेचे नियम कडक होते. परीक्षेआधी गरम काही प्यायचं नाही, गरमाने कान सैल पडतो. तोंडात सुपारी नको, जबडा हलला की बास वाढतो. टोपी काढून मांडीवर ठेवायची, गमजाच्या टोकाने दोन्ही कान आतून बाहेरून पुसायचे. मामांच्या कानांत केस उगवायचे आणि ते न्हाव्याकडे जायचे ते मुख्यतः त्यासाठी. दाढी राहिली तरी चालेल, कान झाले पाहिजेत. मग हेडफोनवरची अक्षरं बघायची. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण एल आणि आर ही दोन अक्षरं त्यांनी पक्की केली होती. एल डावीकडे, आर उजवीकडे. कुणी उलटा हेडफोन घालून चाललेला दिसला तर मामा त्याला भर रस्त्यात थांबवून सुलटा करायला लावायचे. "कंपनीनं लिवलंय ते उगं लिवलंय का बे? उद्या गिअर बी उलटे टाकशील."

आता ऐकायचं काय? बाकीचे लोक गाणं लावतात. मामांच्या मते गाण्यावर हेडफोन तपासणं म्हणजे नवरी बघायला जाऊन पावडर बघून येणं. ते ऐकायचे ट्रक.

आयुष्यभर मामांनी ट्रक चालवला होता. दसरा झाला की पाटोदा, शिरूर, आष्टीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांची बिऱ्हाडं, भांडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं असं सगळं गाडीत भरून मामा खाली कारखान्यांकडे न्यायचे आणि कारखाने बंद झाले की तसंच भरून परत आणायचे. त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन केबिनमध्येच होतं, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून, पत्र्याच्या झाकणाखाली. त्या झाकणावर मामा भाकरी शेकून घ्यायचे आणि हिवाळ्यात पाय. गाडीत काय बिघडलंय ते त्यांना म्हणे आवाजावरून कळायचं. "गाडी माझ्याशी बोलायची," असं सांगताना ते डाव्या कानाची पाळी धरायचे. "जल्मभर ह्या कानात बोलत आली."

गाडी भंगारात गेली त्या दिवशी त्यांच्या पुतण्याने फोनवर तिचा आवाज भरून ठेवला होता. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, घरघर, त्या घरघरीत मधूनच एक टकटक, आणि शेवटी एक लांब हॉर्न. तो हॉर्न मामांनी स्वतः दाबलेला, शेवटचा. ही एवढी त्यांची प्रश्नपत्रिका, आणि ती आता माझ्याही फोनवर होती. माझ्याकडे आलेला प्रत्येक हेडफोन, मग तो कितीही रंगीत खोक्यात असो, या गाडीतून बसून गेला.

निकालाची भाषाही गाडीचीच. आवाजात दम नसला तर "ह्यात गाडी रिकामी हाय." नुसतंच धमधम वाजलं आणि टकटक बुडाली तर "ह्यात माझ्या गाडीचा ट्रॅक्टर झाला." आवाज दबका आला तर "गाडी उसाच्या फडात उभी हाय अन् मी लांब बांधावर." स्वस्तातले बहुतेक हेडफोन ट्रॅक्टर या वर्गात बसायचे. मामांना त्यांचा राग यायचा. "सस्ता हाय म्हनून लबाड असावं का? नुसता बास दावतो अन् बाकीचं लपवतो. गरीब मानसानं कमी बोलावं, पर खरं बोलावं." आणि क्वचित कधी, दोन-तीन महिन्यांतून एखाद्या हेडफोनला, डोळे न उघडता ते म्हणायचे, "भरल्याली गाडी." याच्यावर पदवी नव्हती.

पण पास असो, नापास असो, भरलेली असो, रिकामी असो, शेवटचं वाक्य ठरलेलं. हेडफोन काढून माझ्या हातात देताना मामा म्हणायचे, "डावीकडं जरा कमी हाय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन स्वतः लावून बघितला. दोन्हीकडे सारखाच वाटला. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा लावला. आता डोळे मिटून. आणि खरं सांगतो, डावीकडे जरा कमी वाटला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तर चांगलाच कमी वाटला.

मग ते सगळ्यांनाच वाटायला लागलं. गिऱ्हाईक हेडफोन लावायचं, मान तिरकी करायचं आणि तज्ज्ञासारखं म्हणायचं, "डावा कमीच हाय की हो." लगेच पुढचं वाक्य यायचं, "मंग पैसे बी कमी करा." सगळ्याच कंपन्यांचा डावा कसा कमी, असं मी एकदा मामांना विचारलं. उत्तर तयार होतं. "मानूस फोन उजव्या कानाला लावतो. कंपनीला ठावं हाय, ह्यांचा डावा कान येडा. मंग तितं काटकसर करायची." एकदा त्यांच्या पुतण्याने पुण्याहून चांगला महागातला हेडफोन आणला. मामांनी तो साग्रसंगीत तपासला. गाडी भरलेली निघाली, अगदी शिगोशीग. पण डावा कमी. मामांनी तो घडी घालून खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे वरपातूर समदे मिळालेले हायेत."

या संशोधनाला शास्त्राची जोड दिली ती हायस्कुलातल्या विज्ञानाच्या सरांनी. ते रोज संध्याकाळी पेपर वाचायला माझ्या दुकानात यायचे, कारण दुकानात पंखा होता. त्यांनी एक हेडफोन उघडून बघितला आणि सांगितलं की सगळं यंत्र उजव्या वाटीत असतं. डावीकडचा करंट पट्टीतल्या तारेने डोक्यावरून चढून पलीकडे उतरतो. "चढाला थोडा दमतो," सर म्हणाले. मीही पुढे कित्येक गिऱ्हाइकांना हे समजावून सांगितलं.

मामांविषयी गावात एकच तक्रार होती, माणूस मानी आहे. मनात आलं तर बोलेल, नाही तर समोरचा घसा कोरडा करून थकला तरी मान वळवणार नाही. एका निवडणुकीत एक उमेदवार त्यांच्या पाया पडायला दुकानात आला. आला, वाकला, आणि त्यांच्या डाव्या बाजूला उकिडवा बसून बराच वेळ आपली कैफियत सांगत राहिला. मामा समोर रस्त्याकडे बघत होते. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. शेवटी तो बिचारा उठला, बाहेर येऊन कार्यकर्त्यांना म्हणाला, मामांची आळी आपली नाही. त्या आळीत मग तो फिरकलाच नाही आणि पडला. मामांनी पाडला, असं लोक पुढे कौतुकाने सांगायचे. मामांना त्याचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

भाड्याचंही तसंच. माझं गल्ल्याचं टेबल स्टुलाच्या डाव्या हाताला. या महिन्यात जरा ओढाताण आहे, असं मी तिथून कितीदा तरी बोललो. मामांनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. मी मनात म्हणायचो, केवढा हा खानदानी नकार.

मामी, म्हणजे त्यांची बायको, दुपारी कधी निरोप घेऊन यायच्या. त्या दारातून आत यायच्या, स्टुलाला वळसा घालून बरोबर मामांच्या उजव्या अंगाला येऊन उभ्या राहायच्या आणि हळू आवाजात काय ते सांगायच्या. मामा लगेच उठायचे. आम्हाला वाटायचं, जगात हा माणूस एका मामींचंच तेवढं ऐकतो.

आमच्याकडे हेडफोनचा हंगाम म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे. टोळ्या निघायच्या असतात, मुकादमाकडून उचल हातात आलेली असते, बाजार फुललेला असतो. सहा महिने कुठल्या तरी लांबच्या शिवारात उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत काढायचे, तिथे करमणूक काय ती फोनची. त्या वर्षी मी धाडस केलं. एका नव्या कंपनीचा घडीचा हेडफोन मला मनापासून आवडला होता. किंमत कमी, वाट्या मऊ, आवाज स्वच्छ. मी व्यापाऱ्याकडून एकदम मोठा माल उचलला. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. घरात मी सांगून ठेवलं होतं की हा माल गेला तर दुकान टिकेल, नाही गेला तर शटर ओढून आष्टीला परत.

मामांनी टोपी काढली, कान पुसले, एल-आर बघितलं, डोळे मिटले. बाहेर पाच-सहा माणसं निकालाला उभी होती. त्यांत दोन मुकादम होते, आणि एकेका मुकादमामागे अख्खी टोळी असते.

"भरल्याली गाडी," मामा म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी डोळे उघडले. मला त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं. "पर डावा लईच कमी. इतका कमी अजून कुनाचा न्हवता. उजवा एवढा गुनाचा अन् डावा मुका. ह्यो माल इकू नको."

आज मला त्यातली गंमत कळते. हेडफोन जितका चांगला, तितका उजवा खणखणीत. आणि उजवा जितका खणखणीत, तितका मामांना डावा मेलेला. म्हणजे दुकानातला सगळ्यात चांगला माल त्यांच्या परीक्षेत सगळ्यात वाईट नापास होणार होता. तेव्हा मात्र मला गंमत-बिंमत सुचली नाही. मुकादमांनी एकेकदा हेडफोन लावून बघितला, "व्हय, डावा मुकाच हाय," म्हणाले आणि गेले. पुढचे चार दिवस दुकानात माशी फिरकली नाही. व्यापारी म्हणाला, माल तपासून दिलाय, परत घेणार नाही. विज्ञानाचे सर म्हणाले, या मॉडेलमध्ये पट्टी जरा उंच आहे, चढ वाढतो.

एका दुपारी शिरूरकडची एक बाई आली. टोळीबरोबर निघायची होती. लेक पाटोद्यात वसतिगृहात राहून शिकत होती आणि आईला फोनवर बोलून निरोप पाठवायची. "फडात ट्रॅक्टरचा लई गलका असतोय भाऊ," ती मला म्हणाली. "लेकीचं बोलनं ऐकूच येत न्हाई. कानावर बसंल असं कायतरी द्या."

मामा स्टुलावर होतेच. मी त्यांच्याकडे न बघता त्या मालातला एक काढून तिच्या हातात दिला. तिने डोक्यावर पदर सारखा केला, वरून हेडफोन बसवला आणि लेकीचा निरोप लावला. ऐकता ऐकता हसली.

"बाई, उलटा घातलाय तुमी," मामा म्हणाले. "एल डावीकडं यायला पायजे."

"आसूंदे मामा. कानाला काय कळतंय डावं-उजवं? दोनीकडून सारखंच यीतंय."

"सारखं न्हाई येत. डावा मुका हाय त्याचा. म्हनून तर नापास केलाय."

"मुका कावून आसंल? ऐका की तुमीच." आणि तिने मामांची टोपी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली, हेडफोन काढला आणि तसाच, उलटाच, त्यांच्या डोक्यावर बसवला. मामांच्या डोक्याला असा कुणी हात लावलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी तो सुलटा करायला हात वर नेला. पण तेवढ्यात मी, उगाच वेळ जायला नको म्हणून, हेडफोन माझ्या फोनला जोडून ट्रक लावला होता.

मामांचा हात तसाच राहिला. आता आर डावीकडे होता. म्हणजे कंपनीचा जो खणखणीत उजवा, तो मुका झाला होता आणि मुका डावा खणखणीत बोलत होता. त्यांनी हेडफोन काढला, सुलटा घातला. परत काढला, उलटा घातला. मग नुसती एक वाटी डाव्या कानाला धरली, ती बदलून दुसरी धरली. ट्रकचा हॉर्न वाजून गेला असावा, कारण मी फोन बंद केला तरी ते तसेच बसून होते. मग टोपी घातली आणि उठून घरी गेले. त्या दिवशी परीक्षेआधी कान पुसायचे राहूनच गेले होते.

"काय झालं त्यान्ला?" बाई म्हणाली.

काय झालं ते मला कळलं होतं. त्या क्षणी माझ्या खोक्यांची काळजी मिटली, असं म्हणणार नाही. ती होतीच, आणि आता तर ती मिटवायचा रस्ताही दिसत होता. चार माणसांत एवढंच म्हणायचं, की बाबांनो, हेडफोन ठीक आहे, म्हातारा बहिरा आहे. पण ते म्हणायला जीभ उचलेना. या माणसाकडे गाडी नव्हती, आता शरीरात जोर नव्हता, होता तो एवढा कानाचा मान. मला तो फार प्रिय होता. मी बाईला म्हणालो, "उन्हानं झालं असेल." बाईने हेडफोन बाजूला ठेवायला सांगितला; बाजाराच्या दिवशी टोळीतल्या बायकांबरोबर येते म्हणाली.

बाजाराच्या दिवशीपर्यंत मामा दुकानाकडे फिरकले नाहीत. स्टूल रिकामं. लोक डोकावायचे, स्टूल बघायचे आणि पुढे जायचे. मी मनाशी ठरवून टाकलं, की आष्टीला परत जायचं तर जायचं. कुणाचा कान उघडा पाडून दुकान चालवायचं नाही. हे ठरवल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं आणि भूकही लागली.

बाजार भरात असताना मामा आले. धुतलेलं धोतर, स्वच्छ टोपी, नुकतेच न्हाव्याकडून आलेले कान. स्टुलावर बसले नाहीत. दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि टोळीच्या ट्रकला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "ऐका रे. ह्या मालाचा म्या निकाल दिलता, त्यो चुकला. माल पास हाय. भरल्याली गाडी हाय, दोनी बाजूनं. नापास माझा डावा कान हाय. आतापातूर ज्याला ज्याला डावा कमी म्हनलं, त्या समद्यांचा निकाल रद्द."

मी खाली बघितलं. मला रडू येईल असं वाटलं. पण रडायला वेळ मिळाला नाही, कारण गर्दीतला एक मुकादम म्हणाला, "कायतरीच काय मामा. म्या सोता ऐकलंय. डावा कमीच हाय."

"म्या सांगितलं म्हनून तुला कमी ऐकू आलं."

"कान माझे हायेत मामा. मला कळत न्हाई का?"

दुसरा म्हणाला, "मामा लई मोठ्या मनाचे. दुकानदार बुडू नये म्हनून सोतावर घेत्यात." लोकांनी मान डोलावली. आदर वाढला. मामांनी विज्ञानाच्या सरांकडे आशेने बघितलं. सर घसा साफ करून म्हणाले, "मामा, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. तुमच्या कानाचं माहीत नाही, पण करंट चढाला दमतो हे खरंच आहे."

मामांना मी चिडलेलं फारसं बघितलं नव्हतं. तेव्हा बघितलं. "इतकी वर्सं चूक सांगितलं तवा माना हालवल्या. आज खरं सांगतोय तर एक बी ऐकंना. भैरा मी हाय का तुमी?"

तेवढ्यात ती शिरूरची बाई, बाजाराच्या पिशव्या सांभाळत, टोळीतल्या बायकांना घेऊन गर्दीतून पुढे आली. "भाऊ, माझा ठिवलाय ना? द्या." मग बाकीच्या बायकांनी एकेक डोक्यावर चढवला, कुणी सुलटा, कुणी उलटा, आणि एकमेकींना मोठमोठ्याने सांगितलं की चांगला आहे. त्यांना डावा कमी वाटला नाही, कारण डावा कमी असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मामांच्या स्टुलाभोवती आजवर सगळे पुरुषच जमायचे. बायकांनी घेतला म्हटल्यावर पुरुषांनीही घेतला. डाव्याबद्दल पैसे मात्र कमी करून मागितलेच. दुकान टिकलं.

संध्याकाळी मी मामांच्या घरी गेलो. अंगणात बाजेवर मामा बसले होते आणि त्यांच्या उजव्या हाताला मामी. मी जरा आडवळणाने कानाचा विषय काढला. मामी शांतपणे म्हणाल्या, "मला लई वर्सांपासून ठावं हाय."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं की. डावीकडून सांगितलं."

मामी तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. "कामाचं तेवढं उजवीकडून सांगायची. मीठ संपलं, लेकीचा फोन आलता, पावनं येनार हायेत. मनातलं समदं डावीकडून. सहा-सहा महिने गाडीवर असायचे, घरी आले की दमल्याले. भांडायला बी जीव व्हायचा न्हाई. मंग डावीकडं बसून बोलायची. माझं मन मोकळं व्हायचं अन् ह्यांची झोप मोडायची न्हाई."

मामा समोर बघत चहा फुंकत होते. मामी उजवीकडे होत्या, म्हणजे मामांनी सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवून म्हणाले, "काय काय सांगितलं गं?"

"बसा आता," मामी म्हणाल्या. "एका दिसात व्हायचं न्हाई ते."

पुढच्या बाजारापासून दुकानात दुसरं स्टूल आलं. मामांच्या स्टुलाच्या उजव्या अंगाला. मामा आपली परीक्षा घ्यायचे आणि म्हणायचे, "उजव्याचा निकाल माझा. डाव्याचं हिला इचारा." मामी पदराने कान पुसून हेडफोन लावायच्या आणि तोच ट्रक ऐकायच्या. त्यांचा निकाल मात्र वेगळा असायचा. मामांना गाडी भरलेली की रिकामी एवढंच कळायचं. मामी सांगायच्या, गाडी येतेय की जातेय. हेडफोन वाईट असला तर "ह्यात गाडी चाललीया." चांगला असला तर "ह्यात गाडी वळनावर आलीया." मामा वैतागायचे. "अगं उभी हाय गाडी. जाग्यावर उभी करून भरलाय त्यो आवाज."

"तुमच्यासाठी उभी आसंल," मामी म्हणायच्या.

दोघांचे निकाल क्वचितच जुळायचे. जुळले की मी तो माल डोळे झाकून मागवायचो. अशा मालाला लोक दुकानात येऊन "मामा-मामी पास" म्हणून मागायचे, आणि घरी जाऊन डावा कमी असल्याची तक्रारही करायचे.

गेल्या वर्षी मामा गेले. पंचक्रोशीतले मुकादम आले होते, जुने ड्रायव्हर आले होते, तो पडलेला उमेदवारही आला होता. त्यांच्या कानाचं मोठेपण मला चौघांनी चार वेळा ऐकवलं. बहिरेपणावर कुणाचा विश्वास नव्हता. सर म्हणाले, "असा कान पुन्हा होणे नाही." मी हो म्हणालो.

तेराव्यानंतर बरेच दिवस मी नवा माल उघडला नाही. मग दसरा जवळ आला, खोकी आली, आणि सवयीने त्यातला एक हेडफोन घेऊन मी मामांच्या घरी गेलो. मामी बाजेवर बसल्या होत्या, आपल्या नेहमीच्या टोकाला, डाव्या हाताची मामांची जागा सोडून. त्यांनीच हात पुढे केला. पदराने कान पुसले. "एल कोनचा?" विचारलं, आजवर कधी विचारलं नव्हतं. बरोबर बाजूंनी हेडफोन लावला आणि मी ट्रक लावला.

मामींनी सगळा ऐकला. टकटक ऐकली, शेवटचा हॉर्न ऐकला. हॉर्न संपल्यावरही थोडा वेळ तो कानांवर तसाच ठेवला. मी वाट बघत होतो, गाडी येतेय म्हणतात की जातेय. त्यांनी हेडफोन काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"डावीकडं जरा कमी हाय," म्हणाल्या.

दुकानात येऊन मी खोकी परत बांधली आणि व्यापाऱ्याला फोन लावला. माल परत घे म्हटलं, डावा कमी आहे. तो म्हणाला, मशीनवर तपासलाय, दोन्हीकडे सारखाच आहे. मी म्हणालो, असेल. आमच्याकडे कमी आहे.